तबल्याची शाई आणि रामन यांची वाळू

१/ तबल्याच्या पुडीवरचा काळा गोल शोभेसाठी नसतो. त्याला शाई म्हणतात. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता, भारतीय चर्मवाद्ये सुरात का बोलतात? नोबेल पारितोषिक अजून १० वर्षे दूर होते.

२/ हा प्रश्न पडण्याचे कारण असे. छेडलेल्या तारेत मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपने उमटतात आणि कानाला स्पष्ट सूर लाभतो. ताणलेल्या साध्या गोल चामड्यात मात्र ती १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी विस्कळीत येतात. नाद दणदणीत असतो, पण सूर ठरत नाही. युरोपीय ध्वनिशास्त्राचे हे गणित अचूकच होते. तबल्याचे चामडे तेवढे साधे नव्हते.

३/ लोहचूर्ण, खळ आणि काजळी यांचे मिश्रण पातळ थरांनी चढवायचे, मध्याकडे जाड करत न्यायचे, दगडाने घोटायचे. घोटताना शाईला बारीक भेगा पडतात. त्यांच्यामुळेच ती कडक होऊनही चामड्यासोबत लवते. मध्यभागी वजन आले की विस्कळीत कंपने पूर्णांकांच्या जवळ सरकतात.

४/ हे डोळ्यांना कसे दाखवायचे? जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला गज ओढला होता. जिथे पत्रा स्थिर, तिथे वाळूच्या रेषा. रामन यांनी वाद्याच्या पुडीवर बारीक वाळू भुरभुरली. १९३४च्या विस्तृत निबंधात त्यांनी दाखवले की कंपनाचे ९ प्रकार मिळून ५ सुसंवादी स्वर बनतात.

५/ आता तालमीकडे पाहा. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली हवी, हे गुरू पहिल्याच धड्यात सांगतात. त्या स्पर्शाने मूळ कंपन दबते व वरचे स्वर खुलतात. बोट उचलून ‘तूं’ वाजवा, मूळ कंपन परत येते. प्रयोगशाळेत जे वाळूने दिसले, ते शिष्याच्या बोटात आधीच बसवले जात होते.

६/ रामन यांनी या रचनेचे श्रेय प्राचीन भारतीयांना दिले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ‘प्राचीन’ हा शब्द मला अपुरा वाटतो. नाट्यशास्त्रात वाद्याच्या तोंडाला नदीकाठची माती लावण्याचे वर्णन आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आजही कणीक लावतात आणि वादनानंतर ती काढून टाकतात. तबल्याची शाई मात्र कायमची असते. ओल्या लेपापासून या घोटलेल्या शाईपर्यंतचा प्रवास कुणा ऋषीने नव्हे, चामडे कमावणाऱ्या आणि वाद्ये मढवणाऱ्या हातांनी केला. थर कुठे थांबवायचा, हे त्यांनी कानाने ठरवले. रामन यांचे निबंध ग्रंथालयात मिळतात; या कारागिरांपैकी एकाचेही नाव तिथे सापडत नाही.