भंगारातला वेग : गाडी बदलण्याचा छंद कोणाला परवडला?

१/१८
मोटारगाडी घेऊन ती आपल्या मनाप्रमाणे बदलणे हा छंद आज पैसेवाल्यांचा समजला जातो. चाके, रंगकाम आणि इंजिनातील फेरफार यांच्या किमती ऐकल्या की पगारदार माणूस निमूटपणे मागे सरतो. परंतु हा छंद खऱ्या अर्थाने वाढला तो महामंदीच्या काळात, दक्षिण कॅलिफोर्नियातील रिकाम्या खिशाच्या तरुणांच्या हातून. त्यांना तो परवडला कसा? आजचा धागा या हिशेबाचा आहे.

२/१८
हिशेबाचे पहिले कलम म्हणजे गाडी. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ साली आली, तेव्हा तिची किंमत सुमारे ८५० डॉलर होती. उत्पादनाची पद्धत सुधारत गेली तशी किंमत उतरत गेली, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास तिचे सर्वांत साधे रूप ३०० डॉलरच्या आत मिळू लागले. १९२७ साली उत्पादन थांबले तोवर दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. एवढ्या गाड्या निघाल्या म्हणजे पुढे तेवढ्याच जुन्याही होणार होत्या.

३/१८
त्याच दशकात नवी गाडी हप्त्यांवर घेण्याची रीत अमेरिकेत रुळली. लोक जुनी गाडी देऊन नवी घेऊ लागले. शिवाय ग्राहकांना आता चारी बाजूंनी बंद, पावसाथंडीत बसता येईल अशी गाडी हवी होती. त्यामुळे दोन आसनांच्या, कापडी छताच्या जुन्या 'रोडस्टर' गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. कुटुंबाला निरुपयोगी ठरलेली ही गाडी वजनाला हलकी आणि किमतीला स्वस्त होती. वेगाच्या नादी लागलेल्या पोराला आणखी काय हवे होते?

४/१८
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या छंदातील पहिला फेरफार फुकटचा होता, कारण त्यात काही बसवायचे नव्हते, फक्त काढायचे होते. मडगार्ड काढले, पायऱ्या काढल्या, छत काढले, पुढची काचही काढली. वजन घटले की तेच इंजिन गाडीला अधिक वेगाने ओढते. पुढे ज्या उघड्यावाघड्या रूपाला लोक शैली म्हणू लागले, त्याच्या मुळाशी ही काटकसर होती.

५/१८
दुसरे कलम सुट्या भागांचे. लॉस एंजेलिसजवळील बेल या गावी जॉर्ज वाइट यांचा जुन्या गाड्या मोडून भाग विकण्याचा धंदा होता. भंगारात येणाऱ्या काही गाड्यांवर शर्यतीसाठी बनवलेले खास भाग असत. वाइट यांनी ते वेगळे काढून विकण्यास आरंभ केला आणि 'बेल ऑटो पार्ट्स' हे वेगाच्या शौकिनांचे दुकान झाले. याच परिसरात एड विनफिल्ड यांच्यासारखे कुशल कारागीर कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट घडवीत होते. परंतु नव्या घडणावळीचे पैसे पडत. म्हणून बहुतेकांची पहिली फेरी भंगारवाल्याकडेच असे.

६/१८
१९३२ साली फोर्ड यांनी आठ सिलिंडरचे 'व्ही-८' इंजिन स्वस्त गाडीत आणले. त्यापूर्वी अशी इंजिने महागड्या गाड्यांपुरतीच होती. ६५ अश्वशक्तीच्या या इंजिनाची रोडस्टर नवी असताना ५०० डॉलरच्या आत मिळत असे. अर्थात १९३३ च्या सुमारास अमेरिकेत दर चार कामगारांपैकी एक बेकार होता; त्यांच्या मुलांना ही नवी गाडी कोठून परवडणार? त्यांनी वाट पाहिली. काही वर्षांत अपघातात मोडलेल्या व्ही-८ गाड्या भंगारात येऊ लागल्या, आणि त्यांची इंजिने जुन्या हलक्या रोडस्टरमध्ये बसू लागली.

७/१८
फोर्डच्या गाड्यांत आणखी एक सोय होती. वर्षे बदलली तरी अनेक भाग थोड्या खटपटीने एकमेकांत बसत. १९३२ च्या गाडीचे ब्रेक सळयांनी ओढले जाणारे होते. १९३९ साली फोर्डने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले आणि ते जुन्या गाडीला लावता येत. गिअर लिंकन झेफिरचे आणि पुढे क्रँकशाफ्ट १९४९ च्या मर्क्युरीचा चाले. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोठे बसतो, हे ज्ञानच या पोरांचे भांडवल होते. ते तोंडातोंडी पसरे आणि त्याला दाम पडत नसे.

८/१८
तिसरे कलम कौशल्याचे, आणि ते बहुधा विसरले जाते. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यान्वये अमेरिकेच्या केंद्र सरकारने व्यवसायशिक्षणास पैसा देण्यास आरंभ केला. सार्वजनिक शाळांच्या कार्यशाळांत मुले लेथ चालवू लागली, वेल्डिंग शिकू लागली. त्यात दक्षिण कॅलिफोर्नियात बरबँकला लॉकहीड आणि सांता मोनिकाला डग्लस हे विमानांचे कारखाने होते. हजारोंच्या हातांना तेथे काटेकोर कामाचे वळण लागले. ज्या कौशल्यासाठी आज आपण गॅरेजवाल्याला मजुरी देतो, ते या तरुणांपैकी अनेकांनी शाळेत वा नोकरीवर कमावले होते.

९/१८
चौथे कलम जागेचे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सुमारे शंभर मैलांवर मोहावी वाळवंटात म्युरॉक नावाचे कोरडे सरोवर आहे. मैलोन् मैल सपाट, कठीण जमीन. तेथे १९३१ च्या सुमारास वेळ मोजून वेगाचे मेळावे भरू लागले. १९३७ साली अनेक क्लबांनी मिळून 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. वेळ मोजण्याची यंत्रे एकट्याला परवडणारी नव्हती. वर्गणी काढली की परवडत. धूळ इतकी उडे की मागच्याला पुढचे दिसत नसे, म्हणून एकाच वेळी अनेकांनी धावण्याची पद्धत मागे पडली आणि गाडी एकेकटी धावू लागली.

१०/१८
मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि वर्षअखेरीस पेट्रोल देशभर शिधापत्रिकेवर गेले. मेळावे बंद पडले, पोरे आघाडीवर गेली. त्या काळात व्हीडा ऑर या महिलेने हा समाज तुटू दिला नाही. सरोवरावर स्वतः वेगाने गाडी हाकणाऱ्या या बाईंनी संघटनेचे वार्तापत्र काढून ते सैन्यातील सभासदांना पाठवले. परदेशी छावणीत बसून आपली गाडी पुढे कशी बांधायची याचे बेत आखणाऱ्या पोरांना त्या पानांचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

११/१८
युद्ध संपल्यावर चित्र पालटले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला, आणि काम नसेल तर ५२ आठवड्यांपर्यंत दर आठवड्यास २० डॉलर. बाजारात लष्कराचे टाकाऊ सामान आले. बिल बर्क या तरुणाने १९४६ साली लढाऊ विमानाची जादा इंधनाची टाकी घेतली आणि तिच्यात इंजिन बसवून गाडी केली. वाऱ्याला कमीत कमी अडणारा तो आकार सरकारी खर्चाने घडला होता. बर्क यांना फक्त टाकीचे पैसे पडले.

१२/१८
नवा अडथळा आता प्रतिष्ठेचा होता. रात्री रस्त्यांवर होणाऱ्या शर्यती आणि अपघात यांमुळे 'हॉट रॉड' हा शब्द वर्तमानपत्रांत शिवीसारखा वापरला जाई. संघटनेने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या शस्त्रागारभवनात प्रदर्शन भरवले आणि लोकांना कारागिरी समोर दाखवली. त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन यांनी भागीदारासह 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक विक्रीस आणला. किंमत २५ सेंट. तोंडातोंडी चालणारे ज्ञान आता छापील आणि स्वस्त झाले.

१३/१८
१९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापली आणि १९५४ पासून तिचे पथक गावोगावी फिरून सुरक्षित शर्यतींचे धडे देऊ लागले. बेल ऑटो पार्ट्सचे नवे मालक रॉय रिक्टर यांनी त्याच सुमारास शिरस्त्राण बनवले. आजचा 'बेल' हेल्मेटचा व्यवसाय तेथूनच निघाला. रस्त्यावरच्या शर्यतीचा खर्च कधीकधी जिवाने चुकवावा लागे. मोकळी धावपट्टी मिळाल्याने तो खर्च आटोक्यात येऊ लागला.

१४/१८
येथून हिशेब फिरला. १९५५ साली शेवरोलेचे लहान, हलके व्ही-८ इंजिन आले आणि भंगारातील फोर्ड इंजिनावर महिनोन् महिने राबण्याची गरज कमी झाली. १९६३ मध्ये वेगाचे भाग बनवणाऱ्या उत्पादकांनी स्वतःची संघटना काढली. १९६४ साली पाँटिअॅकने सुमारे ३०० डॉलर जादा घेऊन 'जीटीओ' हा तयार वेग कारखान्यातूनच देऊ केला. पूर्वी जे श्रम आणि वेळ देऊन मिळे, ते आता पैसे देऊन, किंबहुना हप्त्यांवर मिळू लागले. छंद सोपा झाला. त्याच वेळी तो महागही होऊ लागला.

१५/१८
एक कलम मात्र पैशाने भरून येणारे नव्हते, ते म्हणजे परवानगी. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना वेगाऐवजी डौल प्रिय होता. जुनी शेवरोले जमिनीलगत उतरवून, सुंदर रंगवून ती सावकाश फिरवायची, ही त्यांची 'लोरायडर' परंपरा. १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने चाकाच्या धावेच्या खाली गाडीचा कोणताही भाग येण्यास मनाई केली. त्यावर रॉन अगीरे यांनी १९५९ च्या सुमारास विमानांच्या टाकाऊ सामानातील द्रवदाबाचे पंप लावून गाडी कळ दाबताच उचलता येईल अशी केली. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली.

१६/१८
ही युक्ती हसवणारी असली तरी तिचा अर्थ कडवट आहे. या तरुणांना एका कलमाचा भुर्दंड जास्त पडत होता. पुढे १९८० च्या दशकात रस्त्यावर रेंगाळत गाडी फिरवण्यास बंदी घालण्याची मुभाही शहरांना मिळाली. स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी सजवलेली गाडी आपल्याच वस्तीत फिरवणे दंडास पात्र ठरले. ही बंदी आणि उंचीचा तो जुना नियम, दोन्ही २०२३ च्या कायद्याने रद्द झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून रस्ता मोकळा झाला. यात पासष्ट वर्षे गेली.

१७/१८
आणि ती जुनी रोडस्टर? पेबल बीच येथे अब्जाधीशांच्या अभिजात गाड्यांची स्पर्धा हिरवळीवर भरते. १९९७ साली तेथे प्रथमच हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला गेला आणि डोन स्पेन्सर यांनी बांधलेल्या १९३२ च्या फोर्डने तो जिंकला. एकेकाळी गिऱ्हाईक नाही म्हणून स्वस्त झालेल्या गाडीच्या सांगाड्याच्या नव्या पत्र्यातील प्रतिकृती आज विकल्या जातात. मडगार्ड काढून पैसे वाचवणाऱ्या पोराला तो पत्रा आज परवडला नसता.

१८/१८
तेव्हा हा छंद परवडला तो टाकून दिलेल्या गाड्या, सरकारी खर्चाने मिळालेले शिक्षण, सर्वांची मोकळी जमीन आणि मित्रांचे फुकटचे हात यांमुळे. पगाराचा वाटा त्यात शेवटचा होता. यांतील जे जे कलम आटत गेले, त्याची भरपाई खिशातून करावी लागली आणि छंद श्रीमंतांकडे सरकत गेला. आज एखादा तरुण भंगारात पडलेल्या गाडीभोवती पाना घेऊन फिरताना दिसला, तर त्याला गाडीची किंमत विचारण्याआधी एवढेच विचारावे : काम कोठे शिकलास, आणि ती चालवायला जागा आहे का?