वीज लपंडाव खेळते, संगणक सांभाळा

ढोकी (जि. धाराशिव) : महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये 'महावितरण' अस्तित्वात आली, तेव्हा ग्रामीण मराठवाड्यात तासन् तास भारनियमन होते. ते दिवस सरले असले, तरी क्षणभर जाणारी वीज आणि खालीवर होणारा दाब यांपासून घरच्या संगणकाची सुटका झालेली नाही. अचानक वीज गेल्यास लिहून पूर्ण न झालेली फाइल बिघडते, कधी हार्ड डिस्कवरील साठाही हाती लागत नाही. यंत्र नवे आणता येते. वर्षभराचे हिशेब किंवा मुलांचा अभ्यास विकत मिळत नाही.

दाब का बदलतो?

घरगुती विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे. त्यात सहा टक्के कमी-जास्त होणे मान्य आहे; म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. ढोकीचा परिसर तेरणा साखर कारखान्याचा आणि उसाचा. विहिरी-बोअरवरील पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. पंपांना 'ऑटोस्विच' असतील, तर वीज परतताच सारे पंप एकदम सुरू होतात आणि दाब कोसळतो. पंपांना कपॅसिटर बसवावेत आणि ऑटोस्विच टाळावेत, असे आवाहन महावितरण करते ते याचसाठी. गावठाण व शेतीचे फीडर वेगळे असतील तेथे गावातील घरांना ही झळ कमी बसते. शेतातील वस्त्यांना मात्र ती सोसावी लागते.

याहून घातक प्रकार न्यूट्रलची तार तुटण्याचा. अशा वेळी एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टकडे झेपावतो. दिवे एकाएकी लख्ख झाले, तर मेन स्विच तत्काळ बंद करावा. शहरातील अपार्टमेंटमध्येही हा धोका असतो.

कोणते उपकरण घ्यावे?

स्टॅबिलायझर दाब सावरतो, पण वीज गेल्यावर उपयोगी पडत नाही. सर्ज प्रोटेक्टर दाबाचा क्षणिक झटका अडवतो. मात्र अर्थिंग चांगले नसेल, तर त्याच्यावर विसंबता येत नाही. यूपीएस घेताना 'लाइन इंटरॅक्टिव्ह' प्रकार निवडावा. तो बॅटरी न वापरताही थोडाफार कमी-अधिक दाब सावरतो आणि वीज गेल्यावर काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो.

बाजारातील ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. त्यात सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. दीडशे वॉटच्या संगणकाला ती नवी असताना पंधरा मिनिटांच्या आसपास साथ देते. हा वेळ काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहे, काम चालू ठेवण्यासाठी नव्हे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. त्याचा तापणारा भाग अचानक मोठा प्रवाह ओढतो. घराच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल, तर तो 'साइन वेव्ह' असावा आणि 'यूपीएस मोड'वर ठेवावा. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. तरी जादा दाबाने त्याचा अडॅप्टर जळू शकतो.

हे लक्षात ठेवा

- तीन पिनांचा प्लगच वापरावा. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.
- वीज परतल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच संगणक सुरू करावा.
- वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागण्याआधीच प्लग आणि इंटरनेटची केबल काढून ठेवावी. जवळ पडलेल्या विजेपुढे यूपीएस टिकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप पूर्वसूचना देते.
- यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी. जुनी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यात शिसे व आम्ल असते.
- महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठवड्यातून एकदा काढावी.

दाब वारंवार कमी-जास्त होत असल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दखल न घेतल्यास वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दाद मागता येते. योग्य दाबाची वीज मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे.