कृपा, इच्छास्वातंत्र्य आणि रोमचे मौन

इ.स. १५८८ मध्ये लुईस दे मोलिना या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंचा एक लॅटिन ग्रंथ लिस्बन येथे प्रसिद्ध झाला. 'कॉन्कॉर्दिया' या नावाने तो ओळखला जातो. कॉन्कॉर्दिया म्हणजे मेळ. देवाची कृपा आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य यांचा मेळ घालण्यासाठी लिहिलेल्या ह्या ग्रंथाने पुढे जवळजवळ वीस वर्षे कॅथॉलिक जगतात केवढा विसंवाद माजविला!

प्रश्न जुनाच होता. कोणाचे तारण होणार हे सर्वज्ञ परमेश्वराला अनादि काळापासून ठाऊक आहे. मग माणसाच्या हाती काय उरले? कृपेवाचून तारणाकडे पाऊलही पडत नाही, असे संत आगुस्तीन यांनी पेलाजियसच्या मतांचे खंडन करताना ठासून सांगितले होते. मात्र देवाने कोणाला दुष्टपणासाठी नेमून ठेवले आहे, हे मत ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने धिक्कारले. सोळाव्या शतकात कॅल्विनने काहींचे तारण आणि काहींचा नाश ही दोन्ही देवाने आधीच ठरविली आहेत, असे शिकविले. त्यावर ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केले, की देवाने प्रेरित केलेली इच्छा त्या प्रेरणेला नकारही देऊ शकते. नकार शक्य असताना कृपा सफल कशी होते, हे मात्र परिषदेने सांगितले नाही. वाद पेटला तो नेमका येथेच.

मोलिना यांचे प्रमुख प्रतिपक्षी म्हणजे सालामांकाचे डॉमिनिकन पंडित दोमिंगो बान्येस. आविलाच्या संत तेरेझांचे पापनिवेदन ऐकणारे हे धर्मगुरू. (वसईच्या किल्ल्यात या दोन्ही संघांच्या चर्चचे भग्नावशेष वाचकांनी पाहिले असतील.) एकाच भोजनाला बसलेले पेत्र आणि यहूदा घ्या. दोघांनीही प्रभूला दगा दिला. एक रडून परतला, दुसरा निराशेत बुडाला. बान्येस म्हणतील, पेत्राला लाभलेली कृपा स्वभावतःच सफल होती; तिने त्याची इच्छा हलविली, पण तिचे स्वातंत्र्य राखूनच. मोलिना म्हणतील, कृपा सफल झाली ती पेत्राने होकार दिल्यामुळे. आणि कोणत्या परिस्थितीत कोण होकार देईल हे देव आपल्या 'मध्यम ज्ञानाने' आधीच जाणतो. बेथसैदातील चमत्कार सोर व सीदोनमध्ये घडले असते तर तेथील लोकांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता, हे प्रभूचे वचन त्यांचा पक्ष पुढे करी.

डॉमिनिकनांना यात पेलाजियसचा वास आला, येशूसंघीयांना समोर कॅल्विन दिसला. १५९४ मध्ये वायादोलिद येथे जाहीर वादसभा झडू लागल्या, तेव्हा पोप आठवे क्लेमेंट यांनी दोन्ही पक्षांना गप्प बसविले आणि प्रकरण रोमला आणविले. नेमलेल्या आयोगाचा कौल वारंवार मोलिनांच्या विरुद्ध गेला. मोलिना स्वतः १६०० साली निवर्तले. पोपमहोदयांचे तरी समाधान होईना. १६०२ ते १६०५ या काळात ६८ बैठका त्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. वृद्ध पोप आणि समोर आगुस्तीनच्या एकेका वाक्यावर हमरीतुमरीवर आलेले विद्वान, असे ते दृश्य! मार्च १६०५ मध्ये निर्णयाविनाच क्लेमेंट वारले. पोप पाचवे पॉल यांनी आणखी १७ बैठका घेतल्या.

२८ ऑगस्ट १६०७ रोजी, संत आगुस्तीन यांच्या सणादिवशी, त्यांनी कार्डिनलांचे मत घेतले. निर्णय असा झाला : दोन्ही मते शिकविण्यास मोकळीक, कोणीही दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. १६०६ च्या व्हेनिस प्रकरणात पोपची बाजू घेऊन हद्दपारी पत्करलेल्या येशूसंघीयांना दुखवायचे नव्हते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात थोडे तथ्य असेलही. पण आमच्या मते तो निर्णय भित्रेपणाचा नव्हता. 'त्याच्या कपाळी हेच होते' असे मयताच्या घरी आपण सहज बोलून जातो; प्रार्थनेला आणि प्रयत्नाला व्यर्थ ठरविणारा तो अर्थ या दोघांपैकी एकाही पंडिताला मान्य नव्हता. कृपा आधी, आणि माणूस स्वतंत्र, एवढे दोघेही मानीत होते. भांडण होते ते 'कसे' याचे.

१६११ मध्ये रोमने आणखी एक बंधन घातले : या विषयावरील लेखन पूर्वपरवानगीविना छापू नये. अंतिम निकाल योग्य वेळी प्रकट करू, असे पोप पॉल यांनी सांगून ठेवले होते. चारशेहून अधिक वर्षे लोटली. तो अद्याप प्रकट झालेला नाही.