वखार, साखर कारखाना आणि आमदारकी : सीमाभागात पैशाचं राजकारण चालतं कसं?

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. बंगळूर सोडलं तर कर्नाटकात एवढे आमदार कुठल्याच जिल्ह्यातून जात नाहीत. म्हणून सरकार कुणाचंही आलं तरी बेळगावची ‘साखर लॉबी’ काय म्हणते याकडे विधानसौधाचं लक्ष असतं.

पूर्वी ही जागा तंबाखूची होती. निपाणीत बिडी तंबाखूचा दर वखारवाले व्यापारी ठरवत. माल उधारीवर उचलायचा, प्रत आपणच लावायची, पैसे सवडीने द्यायचे, असा शिरस्ता होता. त्याविरुद्ध १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्त्यावरच ठाण मांडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. १२ शेतकरी गेले. तेव्हा आर. गुंडुराव मुख्यमंत्री होते. मरणाऱ्यांत मराठी किती, कन्नड किती हे तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

पुढे पाणी आलं, ऊस वाढला आणि वखारीची जागा कारखान्याने घेतली. फरक एवढाच, की व्यापारी आमदाराला पैसा पुरवायचा. कारखान्यात मात्र चेअरमन आणि आमदार बऱ्याचदा एकाच घरातले. संकेश्वरचा हिरण्यकेशी आणि कत्ती घराणं, निपाणीचा हालसिद्धनाथ आणि जोल्ले दांपत्य, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा आणि प्रभाकर कोरे, सौंदत्तीचा हर्षा शुगर्स आणि हेब्बाळकर कुटुंब, गोकाकचे जारकीहोळी बंधू. यांत काँग्रेसही आहे, भाजपही आहे. जारकीहोळींच्या तर एकाच घरात दोन्ही पक्ष आहेत.

लॉबीचा हिशेब समजायला साधा आकडा घ्या. एखाद्या कारखान्याने हंगामात १० लाख टन गाळप केलं, तर टनामागे १०० रुपयांचा फरक म्हणजे १० कोटी. आता बिलाचं बघू. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे १४ दिवसांत बिल द्यायचं, नाही तर १५ टक्के व्याज. टनाला ३००० धरले तर ३०० कोटींचं बिल एक महिना थकलं की व्याजच पावणेचार कोटी होतं. हे व्याज किती शेतकऱ्यांच्या खात्यावर पडलं, ते ज्याने त्याने आपलं पासबुक उघडून बघावं.

शेतकरी दबतो तो दुसऱ्या कारणाने. तोडणीची पाळी कारखान्याच्या हातात. पीककर्ज पीकेपीएसमधून, तिला पैसा डीसीसी बँकेकडून. पोराची नोकरी, कॉलेजचं अॅडमिशन तिकडेच. उसाला तुरा आला आणि टोळी आली नाही, तर वजन रोज घटतं. अशा माणसाला निवडणुकीत पैसे वाटायचीही गरज पडत नाही.

उमेदवाराच्या खर्चाला विधानसभेसाठी ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. पण टोळीची पाळी आणि सोसायटीचं कर्ज कुठल्याच खर्चाच्या रजिस्टरात चढत नाही.

म्हणूनच इथे आमदारकीएवढीच चुरस बँकेला असते. २०१८ मध्ये बेळगाव तालुका पीएलडी बँकेच्या निवडणुकीवरून काँग्रेसमध्ये जारकीहोळी-हेब्बाळकर वाद पेटला. पुढच्याच वर्षी रमेश जारकीहोळी यांच्यासह आमदारांनी राजीनामे दिले आणि जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामी सरकार पडलं. २०२४ च्या लोकसभेला चिकोडीत प्रियांका जारकीहोळींनी अण्णासाहेब जोल्लेंना हरवलं. २०२५ च्या डीसीसी बँक निवडणुकीत मात्र जारकीहोळी आणि जोल्ले एकाच बाजूला, समोर कत्ती. अध्यक्ष झाले जोल्ले. मतदार कुठल्या चिन्हावर भांडत होता, हा प्रश्न पडायला हरकत नाही.

मराठी माणसाचं काय? २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. भाषेच्या प्रश्नावर एक होणारं गाव ऊसबिलाच्या प्रश्नावर गटागटांत वाटलं जातं, हे त्यामागचं एक कारण आहे. फार बोललं जात नाही, एवढंच. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला थोडी मोकळीक आहे ती सीमेमुळे. इकडे दर कमी वाटला तर कोल्हापूर जिल्ह्यातले कारखाने जवळ आहेत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय ठरतं, याकडे इकडच्या शेतकऱ्याचेही कान असतात. आत गोकाक-मुडलगीकडे ती सोय नाही.

तिथेच नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले. मागणी टनाला ३५०० ची होती. अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना कारखानदारांना बंगळूरला बोलवावं लागलं आणि ३३०० वर तोडगा निघाला; त्यातले काही रुपये सरकारी तिजोरीतून. म्हणजे कारखान्याने द्यायच्या दराचा एक वाटा करदात्याने भरला.

ही रक्कम रिकव्हरीशी बांधलेली आहे. रिकव्हरी मोजते कारखान्याची लॅब, वजन होतं कारखान्याच्या काट्यावर.