भ्रूण प्रत्यारोपण: गावठी गायीच्या पोटी गीर वासरू कसं जन्मतं?

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. इथल्या एखाद्या गोठ्यातल्या गावठी गायीच्या पोटी अस्सल गीर कालवड जन्माला येऊ शकते का? येऊ शकते. या तंत्राला 'भ्रूण प्रत्यारोपण' म्हणतात.

गरज काय?
कृत्रिम रेतनात फक्त वळू उत्तम असतो, त्यामुळे निम्मे गुण गावठी गायीचेच येतात. शिवाय चांगली दुधाळ गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. भ्रूण प्रत्यारोपणात आई-बाप दोघेही निवडलेले असतात आणि एकाच गायीची अनेक वासरं वेगवेगळ्या गायींच्या पोटी वाढतात.

कसं करतात?
उत्तम गायीला (दाता) संप्रेरकांची इंजेक्शनं देतात. त्यामुळे एका माजात एकाऐवजी अनेक बीजांडं तयार होतात. मग कृत्रिम रेतन करतात. सुमारे सातव्या दिवशी शस्त्रक्रिया न करता, नळीने गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली निवडलेला भ्रूण दुसऱ्या गायीच्या (सरोगेट) गर्भाशयात सोडतात. ती त्याच सुमारास माजावर आलेली असावी लागते. उरलेले भ्रूण द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षं टिकतात.

आयव्हीएफमध्ये बीजांडंच बाहेर काढून प्रयोगशाळेत फळवतात.

सुरुवात कुठे झाली?
१८९० मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी सशांवर हा प्रयोग यशस्वी केला. गायीचं असं पहिलं वासरू १९५१ मध्ये अमेरिकेत जन्मलं. भारतात १९९० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 'प्रथम' हे म्हशीचं टेस्ट ट्यूब रेडकू जन्मलं. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या वडगाव रासाई इथे जे. के. ट्रस्टच्या प्रयोगशाळेत देशी गायींवर आयव्हीएफचं काम होतं.

वासरू कोणाचं?
रंग, जात आणि दुधाची क्षमता दाता गाय व वळूकडून येते. सरोगेट गाय जात देत नाही, पण पोषण देते. व्यायल्यावर चिकातून रोगप्रतिकारशक्तीही तीच देते. म्हणून ती धडधाकट, नियमित माजावर येणारी हवी. ती फार लहान असेल तर मोठं वासरू अडण्याचा धोका असतो.

पैसे मोजण्याआधी
प्रत्येक भ्रूण रुजत नाही. चांगल्या परिस्थितीतही साधारण निम्मेच रुजतात. म्हणून पैसे भ्रूण सोडल्याचे द्यायचे की गाभण ठरल्याचे, हे आधी विचारा. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये आयव्हीएफने खात्रीशीर गाभण राहिलेल्या प्रत्येक गायीमागे ५,००० रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. दाता गायीच्या दुधाची नोंदही मागा.

चारा-पाणी, निगा नसेल तर उत्तम वंशाची कालवडही कमीच दूध देईल. आणि सगळेच गीरमागे लागले तर विदर्भाची गवळाऊ आणि धानाच्या चिखलात राबणारी कठाणी मागे पडेल. खरं तर हेच तंत्र त्यांच्या निवडक गायी वाढवायलाही वापरता येतं.