गरजू सवंगडी (खेळरचना)

खेळातील गरजू सवंगडी म्हणजे स्वतःच्या बळावर डावात टिकू न शकणारा, दुसऱ्याच्या साहाय्यावर अवलंबून असलेला भिडू किंवा व्हिडिओ गेममधील तसे पात्र. त्याच्याविषयी खेळणाऱ्यास वाटणारी सहानुभूती केवळ कथेतून निर्माण होत नाही. मदत केव्हा करता येते, तिची किंमत कोणती आणि तिच्यापासून लाभ होतो की नाही, हे ठरविणारे नियम ती सहानुभूती घडवितात. यवतमाळ जिल्ह्यासह महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या मैदानी खेळांत अशा नियमांचे निरनिराळे प्रकार आढळतात.

मैदानी खेळ

विष-अमृत या खेळात राज्य असलेल्याने स्पर्श करून ‘विष’ दिले की खेळाडूस जागीच थांबावे लागते. अन्य भिडूने ‘अमृत’ देईपर्यंत त्याची सुटका होत नाही. सोडविणाऱ्यास गुण मिळत नाही, उलट स्वतः पकडले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच कोण कोणासाठी धावले, हे मुलांच्या ध्यानात राहते.

कबड्डीत याउलट व्यवस्था आहे. तिच्या संजीवनी, गामिनी आणि अमर या जुन्या प्रकारांपैकी संजीवनीवर आजचे नियम आधारलेले आहेत. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी, ज्या क्रमाने बाहेर गेला त्याच क्रमाने, परत येतो. बोनस गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही. येथे मित्राची सुटका आणि संघाचा लाभ एकाच कृतीतून साधतात, त्यामुळे कोणाला वाचवावे हा प्रश्नच उद्भवत नाही. गामिनीत बाद गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहत असे.

सर्वांत विलक्षण नियम ‘कच्चा लिंबू’ अथवा ‘लिंबूटिंबू’चा होय. लहान किंवा दुर्बळ मुलास खेळात घेतले जाते, परंतु तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम दयाळू आहे, तसाच काहीसा निष्ठुरही; कारण आपण धरले जात नाही, हे त्या मुलाला फार काळ न कळता राहत नाही. विशेष मुलाच्या आईवडिलांवरील ‘कच्चा लिंबू’ (२०१७) या मराठी चित्रपटाचे शीर्षक याच संज्ञेवरून आले आहे.

व्हिडिओ गेम

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाच्या सांघिक डावात जायबंदी साथीदार रांगत राहतो आणि त्याचे प्राण हळूहळू ओसरतात. त्याला उठविण्यासाठी दुसऱ्याला शत्रूच्या माऱ्यात काही सेकंद त्याच्याजवळ थांबावे लागते. रचनेच्या दृष्टीने हे विष-अमृतच आहे.

साथीदार संगणकाने चालविलेले पात्र असेल, तर नियमांचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. फुमितो उएदा यांच्या ‘इको’ (२००१) मध्ये योर्दा या मुलीचा हात धरून ठेवण्यासाठी खेळाडूस कळ दाबून ठेवावी लागते. सोडून दूर गेल्यास सावल्या तिला ओढून नेतात. पण बंद दारे तिच्याविना उघडत नाहीत आणि खेळ साठविण्यासाठी दोघांना एकाच आसनावर बसावे लागते. ती ओझे वाटत नाही, याचे बरेचसे श्रेय या परस्परावलंबनाला जाते.

‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२००५) मधील अ‍ॅशली मात्र अनेक खेळाडूंच्या रोषास पात्र ठरली. तिची जीवनपट्टी स्वतंत्र होती आणि मोजक्या औषधी वनस्पतींतून तिचाही वाटा काढावा लागे. २०२३ च्या नव्या आवृत्तीत ती पट्टी काढून टाकण्यात आली. आता अ‍ॅशली जखमी होऊन कोसळते आणि खेळाडूने जवळ जाऊन तिला उठवायचे असते.