कुडव्याचे ‘ब्रदर’

रुग्णालयातील परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि तेच काम करणाऱ्या पुरुषाला ‘ब्रदर’. सरकारी कागदाला मात्र हा भाऊ फारसा ठाऊक नसतो. परिचारिका, परिसेविका, अधिसेविका — पदांची सारी भाषाच स्त्रीलिंगी. कुडव्याचे माझे मोठे बाबा याच भाषेत आयुष्यभर अडचणीचे राहिले. आधी नागपुरात, पुढे कुवेतमध्ये.

गोंदियाच्या भाताच्या गिरण्या आणि विडीचे कारखाने यांपलीकडे आमच्या वस्तीतल्या पोराला फारसे काही दिसत नव्हते, त्या काळात ते नर्सिंगकडे वळले. त्यामागे सेवाभाव वगैरे नव्हता. शिकताना विद्यावेतन मिळत होते, राहायला वसतिगृह होते. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण शुश्रूषेवर सेवेची झूल चढवली की तिच्या मागची जात दिसेनाशी होते.

मनुस्मृतीने चिकित्सकाचे अन्नदेखील त्याज्य ठरवले. मग मलमूत्र, पू, रक्त यांना हात लावणाऱ्याची काय कथा! आधुनिक रुग्णालये उभी राहिली तेव्हा सवर्ण घरांनी या कामाकडे पाठ फिरवली आणि ते बव्हंशी मिशन रुग्णालयांत शिकलेल्या ख्रिस्ती मुलींनी उचलले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातील नर्सची संख्या सुमारे ७,००० आहे. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. ही टंचाई केवळ पैशाची नव्हती, विटाळाचीही होती.

आपला वारसा याहून वेगळा आहे. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच मळात पडून राहिलेल्या भिक्खूची कथा येते. त्याला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले, उचलून मंचकावर निजवले आणि रोग्याची शुश्रूषा हे भिक्खूंचे कर्तव्य ठरवले. म्हणजे शुश्रूषा हे बायकांचे काम, ही समजूत आपल्या परंपरेला तरी लागू नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोगी आणले आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून नित्य आठवतो. पण त्यांचा शेवट परिचारिकेचा होता, हे किती सभांतून सांगितले जाते?

नागपुरातल्या एका रुग्णालयातील अनुभव मोठे बाबा सांगत. सुई टोचून घेताना रोगी आडनाव विचारत नसे. ताप उतरला, तहान लागली की विचारी. जातीचे इतके नेमके निदान मी कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथात वाचलेले नाही.

१९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखातात रुग्णालये वाढली. मोठे बाबा ऐंशीच्या दशकात कुवेतला गेले. तेथील पुरुषांच्या वॉर्डात पुरुष परिचारकही असत. ‘ब्रदर’ हा तेथे अपवाद नव्हता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या आणि सारे उधळले. बगदादमार्गे बसने जॉर्डन, अम्मानहून विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत सुमारे १,७०,००० भारतीय परत आणले गेले. त्या गर्दीत मोठे बाबा एक. सामान मागेच राहिले होते; कमरेला बांधलेल्या कापडात पासपोर्ट आणि नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र तेवढे होते. वाटेतल्या छावणीत जुलाबाने बेजार झालेल्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजण्यात रात्री गेल्या, एवढेच ते सांगत. विमानाबद्दल फारसे बोलत नसत.

आखाताच्या कहाण्यांत मजूर येतो, इंजिनियर येतो. आपल्या आत्मकथनांत शिक्षक, कारकून, गिरणी कामगार येतात. ‘ब्रदर’ दोन्हीकडे नाही. लेखणी धरणाऱ्यांनी लेखणी धरणाऱ्यांचाच इतिहास लिहिला, असा याचा अर्थ मी लावतो. आणि त्या लेखणीची फी बहुतेक वेळा कोणी भरली, हेही मला ठाऊक आहे. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीची फी कुवेतच्या साठवणीतून गेली.

परतल्यावर ते कुडव्यातच राहिले. जखम बांधून द्यायला रात्री-बेरात्री उठत. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर सुई मात्र टोचत नसत. त्यावरून लोक रागावत. त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांचा ‘कंपाउंडर’ असा गौरवाने उल्लेख केला. मी उभा राहून ‘नर्स’ म्हणालो. सभेत काही जण हसले.